दुसऱ्या नंबरला मरते ती

या हो, असे पुढे या. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही सरकावं थोडं. गोष्ट हळू आवाजाची आहे, लांब बसलेल्याच्या कानाशी पोचेपर्यंत तिचा अर्धा जीव वाटेतच जायचा. एका आईची गोष्ट सांगतो, एका पिवळ्या जॅकेटची, आणि एका अशा भिकार सिनेमाची, की त्याला भिकार म्हटलं तर त्या शब्दालाच वाईट वाटावं. मध्ये हसू आलं तर खुशाल हसा. देवाला हसणारी माणसं आवडत नसती, तर त्याने ओठांना कोपरे दिलेच नसते.

तर, दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर, जिन्याखालच्या खोलीत एक शिलाईचं दुकान होतं. दुकान कसलं, एक मशीन, एक आरसा, एक स्टूल आणि दोरीवर टांगलेल्या लोकांच्या विजारी. तिथे बसायची तिला सगळे मावशी म्हणायचे. नवे कपडे मावशी फारसे शिवत नसे. तिचं काम जुन्याचं. झिप बदल, कंबर सैल कर, कोपराला रफू कर. रफू असा, की भोक कुठे होतं ते घालणाऱ्या माणसालाही सापडू नये. "मावशी, इथेच होतं ना हो?" असं गिऱ्हाइकाने विचारलं, की तिला दिवसभर पोट भरल्यासारखं वाटे.

दुकानाच्या मागे राहायची खोली. त्या खोलीत रविवारी दुपारी तिचा धाकटा लोळत पडलेला असे. धाकटा म्हणजे बत्तीस वर्षांचा बाप्या, टपाल कचेरीत पत्रं निवडायला. सहा दिवस निमूट काम करी, आणि सातव्या दिवशी जेवण झालं, की पडद्यावर रानातले सिनेमे लावी. सगळ्यांचा साचा एकच. चार-पाच पोरं रानात सहलीला जातात, गाडी बंद पडते, आणि झाडामागून कुऱ्हाड घेतलेला कुणीतरी निघतो. मग एकेक करून किंकाळ्या. आतून किंकाळी आली, की बाहेर मावशी मशीनचं पायडल जोरात मारी.

"अरे, मेली का सगळी?" ती तिथूनच ओरडे.

"दोन राहिलीत, आई."

"उरक लवकर. मला कुशन शिवायचंय, लक्ष लागत नाही."

हे नेहमीचंच. शेजाऱ्यांना वाटे, मायलेकांची मस्करी चाललीय. पण त्या पायडलच्या जोरात मस्करी नव्हती, ते आता सांगतो.

मावशीला एक थोरली होती. पायाला भिंगरी लावून जन्माला आलेली, म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणत. कचेरीत नोकरी करायची, आणि सुट्टीच्या दिवशी नाटकाच्या तालमी. वीस वर्षांमागे एके दिवशी ती पिवळं कापड घेऊन दुकानात आली.

"आई, याची जॅकेटं शिव. तीन. एकाच मापाची."

"तीन? तुझ्या काय तिळ्या बहिणी आहेत का कुठे?"

"शिव ना गं. आणि दुसऱ्याची डावीकडची शिवण कच्ची ठेव. नुसता धावदोरा घाल, काखेपासून वीतभर. ओढली की सुटली पाहिजे."

"अगं, लोक शिवून घ्यायला येतात माझ्याकडे, उसवायला नाही!"

पण शिवली. कापड तिसऱ्याला पुरलं नाही, म्हणून त्याची कॉलर तपकिरी मखमालीची लावली. देताना विचारलं तेव्हा कळलं, की पोरगी सिनेमात काम करणार आहे, सिनेमाचं नाव 'पोतंवाला', आणि कन्यारत्न त्यात दुसऱ्या नंबरला मरणार आहे. एक जॅकेट पळायला, एक फाटायला, आणि एक हाताशी असावं म्हणून.

मावशी भाविक बाई. सकाळी दिवा लावल्याशिवाय मशीनला हात लावायची नाही. ती म्हणाली, "मरायची सोंगं करू नयेत. खोट्या मरणाला दारात बसवलं, की त्याच्या मागून खरं येतं. जायचं तर जा, पण मला ते दाखवू नकोस."

भिंगरी हसली, तिन्ही जॅकेटं पिशवीत कोंबली आणि गेली. सिनेमा झाला, कुठल्याशा पडक्या थिएटरात आठवडाभर चालला आणि उतरला. मावशीने पाहिला नाही. त्यानंतर दीड वर्षाने एका मंगळवारी भिंगरी कचेरीचा जिना चढताना तिसऱ्या पायरीवर बसली. डोक्यातली एक नस फुटली होती. ती उठली नाही.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, हे मावशीला दहा जणांनी समजावलं. पण समजावणाऱ्याची फांदी शाबूत असते हो. अठरा वर्षं ती बाई त्या एका वाक्याशी बसून राहिली. आपणच तसं बोललो. आणि फाटायची शिवण आपल्याच हाताने घातली. घरात त्या सिनेमाचं नाव काढायची बंदी झाली. धाकटा तेव्हा शाळेत होता. त्याने नाव कधी काढलं नाही, पण मोठा झाल्यावर त्याच जातीचे दुसरे सिनेमे पाहायला लागला. आपल्या पोटच्या पोराला हे गोड कसं लागतं, हे मावशीला कधी उमगलं नाही. तिने विचारलंही नाही. पायडल मारत राहिली.

एका रविवारी आतून किंकाळ्या आल्याच नाहीत. धाकटा बाहेर आला आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला.

"आई, एक सांगतो. कानावर हात ठेवू नकोस."

"काय?"

"ताईच्या सिनेमाची मूळ रिळं सापडलीत. त्यांच्या पेट्या कुणाच्या तरी माळ्यावर पडल्या होत्या. ज्या बाईंनी तेव्हा तो सिनेमा कापून जोडला, त्याच आता साफ करताहेत. पुढच्या महिन्यात एका छोट्या हॉलमध्ये लावणार आहेत."

मावशीचे हात कानांकडे गेलेच. धाकट्याने ते धरले.

"ऐक तरी. शेवटच्या प्रसंगात ताई आहे."

"शेवटी कशी असेल? ती दुसऱ्या नंबरला…" पुढचा शब्द तिने गिळला.

"तीच तर चूक आहे. शेवटी पोलीस येतात, माणसं जमतात. यांच्याकडे माणसं नव्हती. मग मेलेल्यांनाच ब्लँकेटं पांघरून गर्दीत उभं केलं. माझ्याकडे जी घासलेली कॉपी होती ना, तिच्यात नुसता पिवळा ठिपका दिसायचा. ताई आहे की दिव्याचा खांब, ते कळत नव्हतं. आता साफ केल्यावर चेहरा दिसतोय, मी त्या बाईंना फोन करून विचारलं. आणि चेहरा दिसतोय म्हणून त्या बाई तो पुसणार आहेत. शुक्रवारी. मशीनवर पुसता येतं, माणसाच्या जागी झाड रंगवतात. एकदा पुसली, की संपलं."

मावशी सुईत दोरा घालायला गेली, तो चारदा हुकला.

"तू पाहिलास तो सिनेमा?" तिने विचारलं.

"शंभरदा."

"बहिणीला मरताना?"

"हो."

"लाज नाही वाटली रे? काय मिळतं तुला त्यात? पोरं रानात जातात, भाजी चिरावी तशी चिरली जातात, आणि तू उशीला टेकून बघतोस!"

आता हा धाकटा तसा मुखदुर्बळ. पण पत्रं निवडता निवडता माणूस पुष्कळ विचार करत असतो. तो म्हणाला, "आई, ताई गेली तेव्हा काय वाजलं होतं?"

"काय वाजायचंय?"

"तेच म्हणतोय. काही नाही वाजलं. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. तू कुणाच्या तरी पॅन्टची झिप बदलत होतीस, मी वर्गात गणित सोडवत होतो. कुणी सांगितलं आपल्याला? या सिनेमांत निदान आधी वाजतं गं. ढम ढम ढम. मरण येतं ते डोक्यावर पोतं घालून येतं, बूट आपटत येतं, मुळांना ठेचकाळत येतं. आपल्याला दिसतं. आपण ओरडू शकतो. ती पोरगी ऐकत नाही, ते सोड. पण आपण ओरडलेलो असतो."

मावशीने हातातली सुई उशीत टोचून ठेवली.

"आणि भारी सिनेमा असता ना, तर मी पाहिला नसता," तो म्हणाला. "भारीमधला मेलेला माणूस खरोखर मेलेला वाटतो. इथे रक्त म्हणजे टोमॅटोचा लगदा, कुऱ्हाड रबराची, आपटली की वाकते. मेलेल्याच्या पापण्या फडफडतात. पाहणारा हसतो आणि मनात म्हणतो, हे सगळे आता उठणार, तोंड धुणार आणि जेवायला बसणार. तुझ्या कामात नाही का, शिवण दिसली की गिऱ्हाईक कुरकुरतं. मला ती शिवण दिसलेलीच हवी असते."

बोलून झाल्यावर त्याचे कान लाल झाले. मावशीने मशीनवर झाकण घातलं आणि म्हणाली, "शुक्रवारी पुसणार म्हणजे गुरुवारी जायला हवं."

सिनेमा जोडणाऱ्या त्या बाईंना त्यांच्या धंद्यातले लोक कातरबाई म्हणत. सगळी हयात सिनेमाच्या पट्ट्या कापण्यात आणि चिकटवण्यात गेलेली. तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली, खिडक्यांना काळे पडदे, दोन पडदे उजेडाचे, कोपऱ्यात चहाची किटली. दुपारचे तीन वाजले होते. मावशी आत आली, तिने टेबलावरची कात्री पाहिली, उचलली, पात्यावरून अंगठा फिरवला.

"धार गेलीय," ती म्हणाली.

"आता लागत नाही हो. सगळं बटणांवर," कातरबाई म्हणाल्या. "बसा. मी सरळ शेवटचंच लावते. उगीच मधलं…"

"पहिल्यापासून लावा. गोष्ट मधूनच ऐकली, तर ऐकल्याचं पुण्य लागत नाही."

दिवे मालवले. पाच पोरं गाडीतून आली. गाडी बंद पडली. रान आलं. रान म्हणजे काय, बागेपेक्षा थोडं जास्त. एक दुभंगलेल्या बुंध्याचं झाड होतं. पळणारी माणसं दर वेळी त्याच झाडावरून पळायची. धाकटा अंधारात बोटं दुमडत मोजत होता. पोतंवाल्याने पहिल्याला धरलं, तेव्हा त्याच्या मनगटावर घड्याळ चमकलं. मावशीच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, वेळेवर आला म्हणायचा." आणि ती स्वतःच दचकली, आपण हसलो म्हणून.

मग भिंगरी आली.

काटक्या गोळा करायला, गुणगुणत, पिवळ्या जॅकेटात. मावशीने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. चेहरा ती रोज पाहत होती, भिंतीवर फोटो होता. पण फोटोला आवाज नसतो हो. पडद्यावरची भिंगरी थबकली आणि म्हणाली, "कोण आहे तिकडे? गंमत पुरे हं!" एवढंच. पण 'हं' म्हणताना तिचा सूर जरा वर जाई, लहानपणापासून. मावशी तो सूर विसरून गेली होती, आणि आपण विसरलोय हेही तिला ठाऊक नव्हतं.

ढम, ढम, ढम. झाडामागून पोतं दिसलं. बूट वाजले. भिंगरी वाकून काटकी उचलत होती.

"मागे बघ!" मावशी उभी राहून ओरडली. "भिंगरे, मागे बघ गं! अगं मागे!"

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बंद खोलीत तिचा आवाज भिंतींना लागून परत आला. कातरबाईंचा हात बटणाकडे गेला, पण धाकट्याने मान हलवून नको म्हटलं. अठरा वर्षं अडकलेलं काही बाहेर पडत असेल, तर मध्ये बटण दाबू नये.

कुऱ्हाड आली. पोतंवाल्याने जॅकेट ओढलं. डावीकडची शिवण काखेपासून वीतभर, अगदी नेमकी वीतभर, टरटरत सुटली. लाल लगदा उडाला. भिंगरी पडली, डोळे मिटले. आणि उजवी पापणी फडफडली, एकदा, दोनदा.

मावशी हळूच खाली बसली. गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती म्हणाली, "बरोबर फाटलं. बघ, जिथे म्हणाली होती तिथेच फाटलं."

उरलेली पोरं यथासांग मेली, एक वाचली, पोतंवाला विहिरीत पडला. शेवटी सकाळ झाली. एक रुग्णवाहिका, दोन पोलीस, आणि मागे ब्लँकेटं पांघरलेली सहा माणसं. वाचलेली पोरगी रडत रडत पुढे चालत आली. सगळ्यांनी तिच्याकडेच पाहावं म्हणून तो प्रसंग. मावशी तिच्याकडे पाहत नव्हती.

डावीकडून तिसरी. ब्लँकेट एका खांद्यावरून घसरलेलं. आत पिवळं जॅकेट, न फाटलेलं, आणि त्याला तपकिरी मखमालीची कॉलर.

"हे तिसरं," मावशी पुटपुटली. "हे माझं तिसरं आहे."

भिंगरीच्या हातात वाफाळता कप होता. शेजारी पहिल्या नंबरला मेलेला पोरगा उभा होता. त्याने काहीतरी कानात सांगितलं असावं, कारण भिंगरीने ओठ दाताखाली धरले, गाल फुगवले, हसू काही दाबलं जाईना. तिने घाईने तोंड कपात घातलं. आणि सिनेमा संपला.

दिवे लागले. मग कातरबाईच बोलल्या, तोंड खिडकीकडे करून.

"मावशी, तेव्हा मी पाच दिवसांत सिनेमा जोडला. त्या प्रसंगात माझं सगळं लक्ष नायिकेच्या रडण्यावर. मागे कोण उभं आहे, ते बघितलंच नाही. पहिल्याच खेळाला दिग्दर्शक चारचौघांत म्हणाला, बाईंनी मेलेले जिवंत केले. वीस वर्षं तो विनोद माझ्या मागे फिरतोय. आता हातात मशीन आहे, माझी चूक मला मिटवता येतेय. तुम्हाला मी तेवढा तुकडा वेगळा काढून देते. घरी ठेवा, कधीही बघा. पण सिनेमात नको."

धाकटा उसळला, "अहो पण…"

"तू गप्प," मावशी म्हणाली. एका कारागिराने दुसऱ्या कारागिराशी बोलायचं होतं, मध्ये तिसरा नको होता.

"बाई," ती म्हणाली, "माझ्याकडे एकदा एकीने नवऱ्याचा कोट आणला. नवरा गेलेला. कोट लेकाला घालायचा होता. मी सगळा नीट केला, आणि उजव्या कोपराचं भोक रफू केलं. असं, की मलाच सापडेना. बाईने कोट हातात घेतला, कोपर चाचपलं, पैसे ठेवले आणि गेली. महिन्याने आली आणि म्हणाली, मावशी, ते तिथे टेबलावर टेकून वाचत बसायचे. तेवढं भोक उसवून मिळेल का? आता रफू केलेलं भोक परत कसं द्यायचं, सांगा. तेव्हापासून मी आधी विचारते, हे बुजवायचं की राहू द्यायचं?"

कातरबाईंनी चष्मा काढला.

"तुमचं काम वाईट झालं, असं मी नाही म्हणणार," मावशी पुढे म्हणाली. "चूक आहेच. पण तुकडा मला नको. घरी तिचा फोटो आहे, तिथे ती गेलेलीच आहे. इथे गोष्टीत ती मेली, आणि गोष्टीतच परत आली, चहा पीत. ते चार लोकांनी बघावं. मी एकटीने बघितलं, तर मला पटायचं नाही."

"लोक हसतील, मावशी."

"हसू देत की. ती तरी काय करत होती तिथे?"

कातरबाईंनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "बघते," एवढंच म्हणाल्या. जाताना मावशीने ती बोथट कात्री पिशवीत टाकली. "धार लावून पाठवते," म्हणाली.

शुक्रवार गेला. मावशीने कुणाला फोन केला नाही, धाकट्याला करू दिला नाही. मागायचं ते मागून झालं होतं. आता वरचा आणि कातरबाई, दोघांची मर्जी. पायडल मात्र त्या महिन्यात जोरात वाजलं नाही.

सिनेमाच्या दिवशी दुपारी मायलेक हॉलमध्ये जाऊन बसले. साठ-सत्तर माणसं असतील. चष्मेवाले, टक्कलवाले, कॉलेजातली पोरं, एक आजोबा तर उशी घेऊन आलेले. दुभंगलेलं झाड आलं, की सगळा हॉल एका सुरात मोजायचा, "तीऽन! चाऽर!" घड्याळ चमकलं, की टाळ्या. मावशीला वाटलं होतं, ही माणसं रक्ताला हपापलेली असतील. तिने आजूबाजूला पाहिलं, तर बायको नवऱ्याच्या दंडाला धरून बसली होती, मित्र मित्राच्या अंगावर कलंडत होता. मरणाची गोष्ट ऐकायला माणसं अशी खेटून बसतात, हे तिने एरवी सांत्वनाला जमलेल्या घरातच पाहिलं होतं. फरक एवढाच, की इथे ती हसत होती.

भिंगरी आली. गुणगुणली. ढम, ढम. आणि साठ-सत्तर गळे एकदम ओरडले, "मागे बघ!" आजोबा उशी उंचावून ओरडले, पोरं बाकावर उभी राहून ओरडली. तिच्या लेकीला सावध करायला अख्खा हॉल उठला होता. मावशी मात्र या वेळी ओरडली नाही. ऐकत राहिली.

मग शेवटची सकाळ. रुग्णवाहिका, पोलीस. मावशीने धाकट्याचा हात धरला. डावीकडून एक, दोन…

तपकिरी कॉलर. वाफाळता कप.

"अरे, ही तर मेली होती!" मागून कुणीतरी किंचाळलं, आणि हॉल फुटला. हसू, शिट्ट्या, टाळ्या. "आली, परत आली!" भिंगरीने ओठ दाताखाली धरले, तोंड कपात घातलं. मावशी हसत होती, पोट धरून. डोळे पुसायला पदर कमी पडला, तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईने आपला रुमाल दिला आणि विचारलं, "पहिल्यांदाच बघताय वाटतं?"

"हो," मावशी म्हणाली. "ते जॅकेट मी शिवलंय."

दाराशी कातरबाई उभ्या होत्या. लोक जाता जाता त्यांना म्हणत होते, बाई, ती चूक काय सुंदर आहे हो! आणि वीस वर्षं तेच दुखणं सांभाळलेल्या त्या चष्मा काढून पुसत होत्या. मावशीने पिशवीतून धार लावलेली कात्री काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला, तो जपूनच.

झाली गोष्ट. उठायच्या आधी माझं एक मागणं आहे. कधी दुपारी असलाच एखादा टुकार सिनेमा समोर लागला, तर वाचणाऱ्या पोरीला कुणीही लक्षात ठेवतं, पोतंवाल्यालाही ठेवतं. तुम्ही दुसऱ्या नंबरला मरते तिला लक्षात ठेवा. तिचं जॅकेट कुणीतरी शिवलेलं असतं. बूट वाजले, की लाजू नका, मोठ्याने 'मागे बघ' म्हणा. ती ऐकायची नाही. तरी म्हणा, आणि म्हणताना मावशीच्या भिंगरीची आठवण ठेवा.